क्रियापद येण्याआधी

नांदुऱ्याच्या बसस्टँडवर जळगाव जामोदच्या गाडीची वाट पाहत उभं राहिलं, की थोड्याच वेळात तीन-चार तऱ्हेची मराठी कानावरून जाते. ‘म्या त्याले सांगतलं होतं’ असं कुणी तावातावानं म्हणत असतं. ‘गाडी येऊ रायली’ अशी बातमी कुणी देतं. शाळेच्या गणवेशातली मुलगी फोनवर बाईंशी बोलताना ‘मी त्याला सांगितलं होतं’ म्हणते आणि फोन ठेवून आईकडे वळली की पुन्हा ‘मले भूक लागली’ असं बोलते. या पालटाला तिला क्षणही लागत नाही. दोन बोलींचे प्रत्यय वेगळे आणि क्रियापदांची वळणं वेगळी, तरी तिची गल्लत होत नाही. ‘मलेला’ असं ती कधीच म्हणणार नाही.

ही सफाई येते कुठून, हा गेल्या दीडशे वर्षांतल्या मेंदूविज्ञानाचा एक मोठा प्रश्न आहे. वाक्य कानावर पडतं ते एका रांगेत, आवाजामागून आवाज असं. अर्थ लागतो तो मात्र रचनेतून: कोणी केलं, कोणाला केलं, झालं की व्हायचं आहे. आवाजाच्या रांगेतून ही रचना मेंदू कशी उभी करतो? हा प्रश्न मराठीच्या आणि त्यातही वऱ्हाडीच्या अंगानं पाहिला, तर शाळेत ज्याला आपण शुद्ध-अशुद्ध म्हणतो त्याबद्दलचं आपलं मत बदलावं लागतं. माझं तरी बदललं आहे.

एक वाक्य घेऊ. ते सावकाश, एकेक शब्द करून वाचा.

आजीनं सूनबाईला खण दिलेल्या बाईला बोलावलं.

‘आजीनं सूनबाईला खण दि…’ इथपर्यंत येताना आपण मनाशी ठरवून टाकलेलं असतं की आजीनं सुनेला खण दिला. मग ‘दिलेल्या’ येतं, पाठोपाठ ‘बाईला’ येतं आणि उभी केलेली रचना ढासळते. खण आजीनं दिलेलाच नाही. तो दिला एका तिसऱ्याच बाईनं, आणि आजीनं त्या बाईला फक्त बोलावलं. वाक्य व्याकरणात चोख बसतं, तरी पहिल्या वाचनात पाय अडखळतो. या अडखळण्यातून दोन गोष्टी कळतात. एक, वाक्य पूर्ण व्हायची वाट मेंदू पाहत नाही, मिळेल त्या शब्दावर तो रचना बांधत सुटतो. दुसरी, तो नुसता बांधत नाही, पुढे काय येणार याचा अंदाजही धरून चालतो. अंदाज चुकला की मोडून पुन्हा बांधतो.

मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं. म्हणून एकेकाळी काही अभ्यासकांना वाटायचं की अशा भाषांचे श्रोते सगळी नामं डोक्यात धरून बसत असतील आणि क्रियापद आल्यावरच वाक्य जुळवत असतील. तसं होत नाही. जर्मनीतल्या पोट्सडाम विद्यापीठातले श्रवण वसिष्ठ आणि त्यांचे सहकारी हिंदीवर अनेक वर्षं काम करत आहेत, आणि त्यांच्या कामाचा एक निष्कर्ष असा, की पुढे कोणतं क्रियापद येणार याचा अंदाज जिथे पक्का असतो तिथे ते लांब गेलं तरी श्रोत्याला जड जात नाही. विभक्तीचे प्रत्यय आधीच खुणा देऊन ठेवतात. ‘ने’ आला की कर्ता कळतो, ‘ला’ आला की कोणाला ते कळतं. क्रियापद येतं तेव्हा त्याची जागा तयार असते.

या खुणांचं वजन मेंदूवर मोजताही येतं. डोक्याला विद्युतअग्र लावून शब्दागणिक उठणारे बारीक विद्युततरंग टिपतात. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० साली दाखवलं की वाक्यात अर्थाला न जुळणारा शब्द आला, उदाहरणार्थ पावावर लोण्याच्या जागी मोजे पसरले, तर त्या शब्दानंतर साधारण ४०० मिलिसेकंदांनी एक ठळक ऋण तरंग उठतो. पुढे १९९२ साली ऑस्टरहाउट आणि होल्कम यांनी दुसरा तरंग नोंदवला. वाक्याची रचना अडखळली की तो सुमारे ६०० मिलिसेकंदांच्या आसपास उठतो आणि तो धन असतो. पहिला अर्थाचा आणि दुसरा व्याकरणाचा, अशी सुटसुटीत वाटणी काही काळ चालली.

ती वाटणी डळमळीत करणाऱ्यांत हिंदीचा ‘ने’ आहे. कमलकुमार चौधरी आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ‘ने’ आणि क्रियापदाचं रूप यांचा मेळ मुद्दाम मोडला. ‘ने’ लावून पुढे अपूर्ण काळाचं क्रियापद ठेवलं, किंवा ‘ने’ हवा तिथे तो गाळला. दोष निव्वळ व्याकरणाचा होता. तरी उठला तो अर्थाचा मानला गेलेला ४०० मिलिसेकंदांचा तरंग, आणि त्याच्यामागून धन तरंग. म्हणजे ‘ने’ हा प्रत्यय मेंदूच्या लेखी नुसता नियम नसून तो अर्थाचाच भाग आहे. काम कोणाच्या हातून झालं, याची ती खबर आहे. त्याआधी २००७ साली अँड्र्यू नेव्हिन्स आणि सहकाऱ्यांनी हिंदी क्रियापदाचं लिंग, वचन किंवा पुरुष चुकवून पाहिलं होतं. तिथे ६०० मिलिसेकंदांचा तरंग उठला. सारा हिशेब अर्ध्या-पाऊण सेकंदाचा. ‘आजीनं भाकर खाल्ला’ ऐकताच आपण दचकतो तोही एवढ्याच वेळात, आणि कर्मणी प्रयोग म्हणजे काय हे ठाऊक नसलेला माणूसही तितकाच दचकतो.

मराठीचा ‘ने’ हिंदीच्या ‘ने’चा सख्खा शेजारी असला तरी त्याचे काही स्वभाव वेगळे आहेत. ‘आजीनं भाकर…’ एवढं ऐकलं की पुढे ‘खाल्ली’ येणार हा पहिला अंदाज. मराठीत मात्र ‘आजीनं भाकर खावी’ हेही येऊ शकतं, म्हणून दार थोडं उघडं राहतं. ‘खाते’ आणि ‘खाईल’ मात्र त्या दारातून आत येत नाहीत. एका प्रत्ययानं क्रियापदाच्या कितीतरी रूपांना वाट बंद केली.

आता ‘मी भाकर…’ एवढंच ऐका. प्रमाण मराठीत इथे काहीच ठरत नाही. मी भाकर खातो, मी भाकर खाल्ली, मी भाकर खाईन, सगळं शक्य आहे. प्रमाण मराठीनं ‘मी’ आणि ‘तू’ यांच्यापुरती ‘ने’ची खूण सोडून दिली, म्हणून श्रोत्याला क्रियापदापर्यंत थांबावं लागतं. पण तीच गोष्ट नांदुऱ्याच्या स्टँडवरची बाई सांगते तेव्हा ती ‘म्या भाकर खाल्ली’ म्हणते. ‘म्या’ म्हटल्याबरोबर काम बहुधा झालेलं आहे हे ऐकणाऱ्याला कळतं. प्रमाण भाषेनं गमावलेली खूण वऱ्हाडीनं आणि महाराष्ट्रातल्या इतरही बोलींनी जपली आहे. ही खूण जुनी आहे. तेराव्या शतकातल्या मराठीत ‘मियां’, ‘तुवां’ अशी रूपं आहेत, आणि त्याच शतकात याच वऱ्हाडात, रिद्धपूरला, म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ रचलं. मुलाच्या वहीतल्या ज्या ‘म्या’वर लाल रेघ ओढली जाते, ते गावंढळपणातून आलेलं नाही. सातशेहून अधिक वर्षं टिकलेली, ऐकणाऱ्याच्या मेंदूला वेळेआधी वाट दाखवणारी ती व्याकरणाची खूण आहे. ‘म्या’वर मेंदूत नेमका कोणता तरंग उठतो, हा मराठीत व्हायलाच हवा असा प्रयोग आहे. पुण्यातल्या श्रोत्यांवर आणि बुलढाण्यातल्या श्रोत्यांवर तो शेजारी-शेजारी व्हावा.

प्रमाण मराठीच्याही गाठी काही कमी सुंदर नाहीत. ‘तू भाकर खाल्लीस’ यातलं ‘खाल्लीस’ पाहा. ‘ली’ भाकरीशी जुळते, तर ‘स’ तुझ्याशी. एकाच क्रियापदानं दोघांचा मान राखला. मराठी घरातलं तीन-चार वर्षांचं मूल हे बिनचूक बोलतं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ सालचं, मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११चं. कर्तरी, कर्मणी आणि भावे ही नावं आपल्याला त्यांच्या परंपरेतून मिळाली. त्या माणसांनी जे वर्षानुवर्षं खपून सूत्रात मांडलं, ते मूल कोणी न शिकवता वापरत असतं. मूल पाठ करून बोलत नाही याचा पुरावा त्याच्या चुकांतच सापडतो. ‘केलं’च्या जागी मुलं ‘करलं’ म्हणतात. मोठ्यांच्या तोंडून त्यांनी ते ऐकलेलं नसतं. ‘बसलं’, ‘उठलं’, ‘पडलं’ यांवरून नियम त्यांनीच काढला आणि अपवादालाही तो लावून पाहिला. जीन बर्को यांनी १९५८ साली इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं बनावट नाव सांगून त्याचं अनेकवचन विचारलं होतं. आयुष्यात कधी न ऐकलेल्या शब्दालाही मुलांनी योग्य प्रत्यय लावला.

रचना आवाजात नसून ऐकणाऱ्याच्या डोक्यात असते, याचा मला सर्वांत पटलेला पुरावा नाई डिंग आणि डेव्हिड पोपेल यांच्या गटाचा, २०१६ सालचा. त्यांनी चिनी भाषेतली अक्षरं सेकंदाला चार अशा सपाट गतीनं ऐकवली. आवाजात ना चढउतार ठेवला ना विराम. दोन अक्षरांचा एक पदबंध आणि चार अक्षरांचं एक वाक्य होईल, अशी ती रचली होती. मेंदूतलं चुंबकीय स्पंदन टिपलं तेव्हा चिनी जाणणाऱ्यांच्या मेंदूत तीन ताल सापडले: सेकंदाला चार अक्षरांचा, दोन पदबंधांचा आणि एक वाक्याचा. चिनी न जाणणाऱ्या इंग्रजी भाषकांनी तोच आवाज ऐकला, तेव्हा त्यांच्या मेंदूत अक्षरांचा चाराचा ताल तेवढा उठला. बाकीचे दोन ताल आवाजात नव्हतेच, ते व्याकरणानं आतून घातले होते. अनोळखी भाषा आपल्याला अखंड आणि भरभर वाटते, त्याचं कारणही यात आहे. वाक्याच्या भिंती ऐकणाऱ्यालाच उभ्या करायच्या असतात.

‘गाडी येऊ रायली’ किंवा ‘तो जेवून राहिला’ ही वऱ्हाडी-नागपुरी वळणं पुण्याच्या कानाला सुरुवातीला का बुचकळ्यात पाडतात, तेही यावरून कळतं. ‘जेवून राहिला’ म्हणजे जेवला आणि मग मुक्कामाला थांबला, असं पुणेकर ऐकतो. वऱ्हाडी माणूस ‘आत्ता जेवतो आहे’ असं ऐकतो. ध्वनी तेच, पण दोन डोक्यांत दोन रचना.

मेंदूत हे सगळं घडतं तरी कुठे? १८६१ साली पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका यांच्यापुढे लबोर्न नावाचा रुग्ण आला. एकवीस वर्षं तो ‘तान’ या एका आवाजाखेरीज जवळपास काही बोलू शकत नव्हता, मात्र समोरच्याचं बरंचसं त्याला समजायचं. तो वारल्यावर ब्रोकांनी त्याचा मेंदू पाहिला. डाव्या कपाळामागच्या भागात इजा सापडली, आणि वाचेचं स्थान तिथे आहे असं त्यांनी मांडलं. जर्मनीत कार्ल वेर्निक यांनी १८७४ साली कानाजवळच्या, मागच्या भागाचं काम दाखवलं. त्या भागाला इजा झालेली माणसं अस्खलित बोलत, पण बोलण्यात अर्थ उरत नसे आणि दुसऱ्याचं बोलणं त्यांना उमजत नसे. पुढची कितीतरी वर्षं पाठ्यपुस्तकांत समोरचा भाग व्याकरणाचा आणि मागचा अर्थाचा, असा नकाशा छापला गेला.

तो नकाशा आता पुरत नाही. लबोर्नचा मेंदू पॅरिसच्या संग्रहालयात जपून ठेवलेला होता. २००७ साली निना ड्रॉन्कर्स आणि सहकाऱ्यांनी त्याचं एमआरआय चित्रण प्रसिद्ध केलं, तेव्हा इजा ब्रोकांनी वर्णिलेल्या भागाच्या पार खोल, आतल्या तंतूंपर्यंत पोचलेली दिसली. त्याही आधी, १९८३ साली, मार्सिया लाइनबार्गर आणि सहकाऱ्यांनी एक विलक्षण गोष्ट दाखवली होती. ज्यांच्या बोलण्यातलं व्याकरण पक्षाघातानं पार मोडलं आहे असे रुग्ण, ऐकलेलं वाक्य व्याकरणाला धरून आहे की नाही हे मात्र बऱ्यापैकी अचूक सांगत. ज्ञान शाबूत होतं. ते वेळेवर हाताशी येत नव्हतं.

आजही या क्षेत्रात दोन तट आहेत. लाइपझिगच्या अँजेला फ्रिडेरिची यांच्या मते ब्रोका क्षेत्राचा ठराविक तुकडा शब्दांची बांधणी करतो, आणि त्याला मागच्या भागाशी जोडणारी तंतूंची वाट लहानपणी हळूहळू पक्की होते. एमआयटीच्या एव्हेलिना फेडोरेंको म्हणतात की व्याकरणाची वेगळी खोली नाही. डाव्या बाजूच्या कपाळामागच्या आणि कानामागच्या भागांचं एकच जाळं शब्द आणि रचना दोन्ही सांभाळतं. मला दुसरी बाजू अधिक पटते. हिंदीच्या ‘ने’चा प्रयोग आणि लाइनबार्गर यांचे रुग्ण दोन्ही त्याच दिशेला बोट दाखवतात.

फेडोरेंको यांच्या प्रयोगशाळेनं २०२२ साली ४५ भाषांच्या, १२ भाषाकुळांच्या भाषकांना ‘ॲलिस इन वंडरलँड’चे उतारे त्यांच्या-त्यांच्या भाषेत ऐकवून मेंदूची चित्रं घेतली. त्या यादीत मराठी आहे. बहुतेक भाषांचे दोन-दोनच भाषक होते, त्यामुळे त्यातून मराठीबद्दल वेगळं काही सांगता येत नाही. पण मुख्य गोष्ट स्पष्ट दिसली. तमिळ असो, तुर्की असो की मराठी, डाव्या मेंदूतलं तेच जाळं उजळतं. व्याकरणं वेगळी, त्यांना राबवणारी यंत्रणा एक. बहुभाषकांवरच्या त्यांच्या पुढच्या कामात आणखी एक गोष्ट आढळली. मातृभाषा ऐकताना हे जाळं तितक्याच चांगल्या येणाऱ्या दुसऱ्या भाषेच्या मानानं कमी राबतं. मायबोली मेंदूला स्वस्तात पडते.

त्या ४५ भाषांत नसलेली एक भाषा नांदुऱ्याहून उत्तरेला थोड्याच अंतरावर बोलली जाते. येरळीला पूर्णेचा पूल ओलांडून जळगाव जामोदकडे निघालं की समोर सातपुडा उभा राहतो. त्याच्या पायथ्याशी जामोदच्या आसपास, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा अशा गावांत निहाली बोलतात. बोलणारे दोन-अडीच हजारांच्या घरातले. ही भाषा जगातल्या कोणत्याच कुळात बसत नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणात ती कोरकूच्या, म्हणजे मुंडा कुळाच्या पदरी टाकली होती. डच पंडित कायपर यांनी १९६२ साली तिचा तौलनिक अभ्यास केला तेव्हा कोरकू, मराठी आणि द्राविडी उसने शब्द बाजूला काढूनही कशाशीच नातं न सांगणारा एक मोठा साठा उरला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या के. एस. नागराज आणि शैलेंद्र मोहन यांनी तिच्यावर क्षेत्रकार्य केलं. नागराज यांचं निहालीवरचं पुस्तक २०१४ साली म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेनं काढलं.

तिथल्या पोराच्या डोक्यात काय चाललं असेल याचा विचार करा. घरात निहाली, शेजारी कोरकू, बाजाराला वऱ्हाडी, शाळेत प्रमाण मराठी आणि टीव्हीवर हिंदी. त्यात एक भाषा कुळाबाहेरची, एक मुंडा आणि बाकीच्या आर्य. क्रियापद शेवटी ठेवायची सवय या साऱ्यांत सामायिक, पण प्रत्यय आणि सर्वनामं वेगळी. मेंदू त्याच एका जाळ्यावर हे सगळं पेलतो. शाळेत मात्र हेच पोर ‘याला भाषा येत नाही’ या शेऱ्याचं धनी होतं. मेंदूविज्ञानाच्या कोणत्याच निकषावर हा शेरा टिकणार नाही.

अनेक भाषांचा मेंदूला काय लाभ होतो यावर वाद आहेत, तरी भारतातली एक मोठी नोंद सांगायला हवी. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादला स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा जडलेला दिसला, आणि निरक्षरांतही हा फरक होता. त्यांच्याच गटानं २०१६ साली पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांची पाहणी मांडली. आजारानंतर बौद्धिक क्षमता शाबूत राहिलेल्यांचं प्रमाण बहुभाषकांत सुमारे ४० टक्के, तर एकभाषकांत सुमारे २० टक्के होतं.

इथेच हा विषय घराच्या उंबऱ्याशी येतो. पक्षाघात झालेल्या साधारण दर तिघांतल्या एकाची वाचा बाधित होते. असा माणूस ‘पाणी’ एवढाच शब्द काढतो, प्रत्यय गळतात, क्रियापद हरवतं. तोच माणूस कधीकधी रोजच्या पाठातली आरती किंवा स्तोत्र सलग म्हणतो, आकडे एका दमात मोजतो. महामार्गाच्या कडेच्या १०५ फुटी मारुतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या नांदुऱ्यात मारुतिस्तोत्र पाठ असलेले वडीलधारे घरोघर सापडतील. ते स्तोत्र म्हणतात म्हणून ‘मुद्दाम बोलत नाहीत’ असा अर्थ घरच्यांनी काढू नये. पाठ केलेली रांग म्हणणं आणि नवं वाक्य जुळवणं ही मेंदूची वेगळी कामं आहेत. पहिलं उरलं आणि दुसरं गेलं, असं खरोखर घडतं. वाचा-उपचारतज्ज्ञ या उरलेल्या तालासुराचाच आधार घेऊन काही रुग्णांना पुन्हा बोलतं करतात.

अशा रुग्णाची तपासणी त्याच्या बोलीत व्हायला हवी, असा माझा आग्रह आहे. जन्मभर ‘मले’ म्हणणाऱ्या माणसानं तपासणीत ‘मले’ म्हटलं, तर ती मेंदूची चूक धरता येणार नाही. उलट तो प्रत्यय जागेवर आला म्हणजे व्याकरण शाबूत असल्याची ती खूण आहे. तपासणारा बाहेरगावचा असेल तर सोबतच्या नातेवाइकानं हे त्याला सांगावं: आमच्याकडे असंच बोलतात. सुधारणेची वाक्यंही घरच्या बोलीतली असावीत, कारण मेंदूला तीच सर्वांत कमी श्रमाची असतात. शाळांनीही प्रमाण मराठी जरूर शिकवावी, पण दुसरं व्याकरण म्हणून शिकवावी. पहिलं पुसून नव्हे.

आणि घरात कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा वाक्याची जुळणी तुटली, तर थोडं थांबून पाहू म्हणू नका, तेल चोळत बसू नका. गुठळी विरघळवण्याचं औषध साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन व्हावा लागतो. स्कॅनची सोय असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, हे आजच विचारून ठेवा. लक्षण नेमकं किती वाजता दिसलं तेही लिहून ठेवा, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.